वेदमती येशू, कापालिक येशू

छत्तीसगढमधल्या भिलाई-३ च्या पंचक्रोशीत पंडवानी, म्हणजे महाभारताचं लोकगायन, ऐकत वाढलेल्या माणसाला कथा सांगण्याच्या दोन रीती वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. पहिली वेदमती. गायक वीरासनात बसतो, सबलसिंह चौहानांच्या दोहे-चौपायांतलं महाभारत धरून चालतो आणि पोथीची वाट सहसा सोडत नाही. झाडूराम देवांगन हे या शाखेतलं मोठं नाव. दुसरी कापालिक. इथे गायक उभा राहतो, मंचभर फिरतो आणि कथा आठवणीतून, त्या क्षणी सुचेल तशी फुलवतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई या शाखेच्या. भिलाई इस्पात कारखान्यात नोकरी केलेल्या या गायिकेला २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या हातातला तंबुरा बघताबघता भीमाची गदा होतो, पुढच्या प्रसंगात दुःशासनाने धरलेले द्रौपदीचे केस होतो. शेजारी बसलेला रागी हुंकार भरत, मध्येच प्रश्न विचारत कथा पुढे ढकलतो. भीम नेमकं असंच बोलला होता का, असं समोरचं कुणी विचारत नाही, कारण ही कापालिक पंडवानी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

येशूच्या चरित्रावरचे चित्रपट आणि मालिका मूळ चरित्राशी किती प्रामाणिक आहेत, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. वाद घालणारे बहुधा पोशाख, घरं, हत्यारं, भाषा तपासतात. हे तपासायलाच हवं. पण भिलाईकडची ही जुनी मोजपट्टी त्याहून खोल जाते. कुठला चित्रपट वेदमती आहे आणि कुठला कापालिक, हे आधी पाहावं. मग पाहावं, की कुठला चित्रपट स्वतःला वेदमती म्हणवून कापालिक कथा सांगतो. या माध्यमाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गडबड या तिसऱ्या प्रकारात झाली आहे.

मुळात पोथी एक नाही, चार आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. यांतलं सर्वांत जुनं मार्कचं शुभवर्तमान इसवी सन ७० च्या आसपासचं, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चार दशकांनी लिहिलेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाळाला गव्हाणीत ठेवल्याचं आणि मेंढपाळ आल्याचं फक्त लूक सांगतो. पूर्वेकडचे ज्ञानी आणि तो तारा फक्त मत्तयात. मार्क आणि योहान यांच्याकडे जन्मकथाच नाही. योहानाच्या हिशेबाने येशूचं सार्वजनिक कार्य दोन-तीन वर्षं चाललं, बाकी तिघांच्या कथेत ते एका वर्षातही मावतं. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथण्याचा प्रसंग योहान सुरुवातीला घालतो, इतर तिघं अखेरच्या आठवड्यात. चारही एकत्र विणण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न इसवी सन १७० च्या सुमारास तातियन नावाच्या लेखकाने केला. पुढे चित्रपटांच्या पटकथाकारांनीही तेच केलं. त्यामुळे पहिलं दृश्य चित्रित होण्याआधीच पटकथाकाराला काही ठेवावं लागतं आणि काही गाळावं लागतं.

मराठीत हे विणकाम सिनेमापेक्षा फार आधी सुरू झालं. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुना करार आणि दुसऱ्यात येशूचं चरित्र. छपाई रोमन लिपीत झाली, पण घाट पूर्ण पुराणाचा. ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीच्या चालीत कथा मिळाली पाहिजे, ही त्यांची जाण होती. वसई-साष्टीपासून पुढे जिथे जिथे मराठी ख्रिस्ती वस्ती होती, तिथे येशूचं चरित्र हे कानांनी घ्यायचं चरित्र होतं.

याच चरित्राचा एक धागा जवळजवळ भिलाईच्या दारापर्यंत येतो. मुंबई-हावडा मुख्य मार्गावर दुर्ग सोडलं की भिलाई नगर, पॉवर हाऊस आणि मग भिलाई-३ लागतं, त्याला लागून चरोद्याचं मालगाड्यांचं मोठं यार्ड. दुर्गच्या अलीकडे, नागपूरच्या बाजूला, राजनांदगाव. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगाव संस्थानात निघाले होते. तेव्हा ही गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची होती. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, काव्यावरून गोष्ट धर्मावर गेली, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. प्रामाणिकपणे वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाल्याचं सांगितलं जातं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळतो, नवऱ्याच्या धर्मांतराने घरावर आलेल्या प्रसंगासकट. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी येशूचं चरित्र मराठी पद्यात लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. कधीकाळी ज्या धर्माने संसार उधळला असं त्यांना वाटलं होतं, त्याच धर्माच्या नायकाचं चरित्र त्यांनी स्वतःच्या हाताने शेवटाला नेलं. मराठी साहित्यात याच्या तोडीची घटना क्वचितच सापडेल.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच येशू पडद्यावर आला. १८९८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ईडन म्युझी या प्रदर्शनगृहात जर्मनीतल्या ओबरअम्मरगाऊ गावच्या, येशूच्या छळ-मृत्यूवरच्या जगप्रसिद्ध दुःखसहन-नाट्याचा म्हणून एक चित्रपट दाखवला गेला. ओबरअम्मरगाऊचं ते नाटक १६३४ पासून चालत आलेलं. प्रत्यक्षात चित्रीकरण न्यूयॉर्कमध्येच, ग्रँड सेंट्रल पॅलेस या इमारतीच्या गच्चीवर झालं होतं. येशूपटांच्या इतिहासात असा अगदी सुरुवातीलाच खोटा दाखला सापडतो.

नंतरची कथा मुंबईची, आणि ती भारतीय सिनेमाचीच जन्मकथा आहे. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. फाळक्यांनी स्वतः १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिताना हा दिवस १९१० च्या नाताळातला शनिवार म्हणून सांगितला. चरित्रकार तो १९११ च्या ईस्टरच्या वेळी धरतात. आदल्या दिवशी थोरल्या मुलासोबत ते प्राण्यांचा चित्रपट पाहायला गेले होते, मुलाने घरी येऊन आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंसह सगळे गेले तर पडद्यावर येशू, ही आठवण पुढे चरित्रांत आली. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, पुढे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’.

हा कुठला चित्रपट, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहींच्या मते गोमाँ कंपनीसाठी अलिस गी या बाईंनी १९०६ मध्ये केलेला, पंचवीस दृश्यांचा. काहींच्या मते पाथे कंपनीचा, फेर्दिनाँ झेका आणि ल्युसियाँ नोंगे यांचा. दोन्ही फ्रेंच, दोन्ही एकेका स्थिर चित्रासारख्या दृश्यांची माळ. अलिस गी यांनी आपली दृश्यं जेम्स तिसो या चित्रकाराच्या चित्रांवरून बेतली. हा तिसो १८८६ पासून पॅलेस्टाइनला जाऊन आला होता, तिथली घरं, माणसं, पोशाख त्याने वहीत उतरवले आणि साडेतीनशे जलरंगचित्रांत येशूचं चरित्र रंगवलं. पुढे ब्रुकलिनच्या संग्रहालयाने ती विकत घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या पॅलेस्टाइनकडे पाहून पहिल्या शतकाचं चित्र काढायचं, ही त्याची रीत. त्या काळात ही प्रामाणिकपणाची परमावधी समजली गेली. अठराशे वर्षांत तिथली वस्त्रं, इमारती, राज्यकर्ते, सारंच बदललं होतं, हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

अलिस गी यांच्या चित्रपटात क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा रुमालाने पुसणारी वेरोनिका आहे. चारही शुभवर्तमानांत ही बाई नाही. ती येते मध्ययुगीन भक्तीतून, चर्चच्या भिंतींवर लावलेल्या क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानकांतून. येशू वाटेत तीन वेळा पडतो, तेही त्याच चौदा स्थानकांत. नव्या करारात एकदाही नाही. म्हणजे फाळक्यांसमोर जो येशू चालला, त्याच्या मागे पोथीइतकीच चित्रशाळा उभी होती. फाळके स्वतः जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, लोणावळ्यात राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी जोडलेले. देव कसा दिसायचा हे लोकांनी छापील चित्रांवरून ठरवलं आहे आणि पडद्यावरचा देव त्या चित्राशी जुळला तरच लोक हात जोडतील, हे त्यांना कळलं नसेल तर आणखी कुणाला कळणार? ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, आणि प्रेक्षकांना त्यात राम आणि सीताच दिसले.

काही ठिकाणी मात्र येशूला पडद्यावर आणण्याचीच भीती होती. १९१२ मध्ये सिडनी ऑलकॉट यांनी ‘फ्रॉम द मँजर टु द क्रॉस’ हा चित्रपट थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये जाऊन केला. ब्रिटनमध्ये त्यावरून वादळ उठलं. १९१३ च्या सुरुवातीला कामाला लागलेल्या ब्रिटिश सेन्सॉर मंडळाचे तेव्हा दोनच नियम होते: नग्नता नको आणि ख्रिस्ताची आकृती पडद्यावर नको. हॉलिवूडच्या ‘बेन-हर’मध्येही, १९२५ च्या आणि १९५९ च्या दोन्ही आवृत्त्यांत, ख्रिस्ताचा चेहरा दिसत नाही. दिसतो हात, दिसते पाठ, दिसते पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरची उलघाल. श्रद्धेपोटी केलेली ही युक्ती योगायोगाने पोथीलाही धरून आहे, कारण चार शुभवर्तमानांत येशूच्या रूपाबद्दल एक अक्षर नाही.

तरी त्याचा चेहरा जगाला पाठ आहे. खांद्यापर्यंत रुळणारे तांबूस केस, दुभागलेली दाढी, हलके डोळे, पांढराशुभ्र अंगरखा. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातल्या भित्तिचित्रांत येशू सापडतो, तो बिनदाढीचा आणि आखूड केसांचा. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुरुषाने केस लांब वाढवणं लाजिरवाणं ठरवलं आहे. आपला प्रभू जटाधारी असता तर पौलाने असं लिहिलं असतं का? १९७७ च्या ‘जीझस ऑफ नॅझरेथ’मध्ये रॉबर्ट पॉवेल यांचे निळे, पापणी न हलवणारे डोळे इतके गाजले की त्यांची छबी पुढे चर्चमध्ये प्रतिमा म्हणून टांगली गेली. शिल्पकाराने चित्रपट पाहायचा आणि चित्रपटवाल्याने शिल्प, अशी ही देवाणघेवाण आजही चालू आहे.

बारीकसारीक चुका मोजायला बसलं तर यादी लांबते. ज्ञानी तीन होते असं मत्तय म्हणत नाही, भेटी मात्र तीन सांगतो. ते राजे होते किंवा उंटावरून आले हेही त्याच्या लेखणीतलं नाही. मरिया मग्दालियाचं प्रकरण याहून गंभीर आहे. लूक तिच्यातून सात भुतं निघाल्याचं सांगतो आणि येशूच्या प्रवासाला आपल्या पैशाने हातभार लावणाऱ्या बायकांत तिचं नाव घेतो. तिला पापिणी ठरवलं पोप ग्रेगरी यांनी, सहाव्या शतकाच्या अखेरच्या एका प्रवचनात, दुसऱ्या एका अनाम स्त्रीशी तिची सांगड घालून. १९२७ च्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये सेसिल डिमिल तिला विलासी गणिका करतो आणि झेब्रे जुंपलेल्या रथातून येशूकडे पाठवतो. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या आपल्या दिनदर्शिकेत हा गोंधळ दुरुस्त केला, पण पडद्यावर तो पुढेही चालू राहिला. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेल्या बाईवर हा सरळ अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांनी पोथी उघडून पाहण्याची तसदी घेतली नाही.

क्रूसाचंही तसंच. पडद्यावर खिळे तळहातात दिसतात, पाय एकावर एक ठेवून समोरून खिळलेले असतात. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला गिवत हा-मिवतार इथल्या थडग्यात येहोहानान नावाच्या माणसाची हाडं मिळाली. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता, बाजूने आरपार गेलेला. क्रूसावर दिलेल्या माणसाचा हा हातात धरता येईल असा पुरावा. तो सापडला तेव्हा येशूपट सत्तर वर्षांचे झाले होते. तरी नंतरच्या बहुतेक चित्रपटांनी जुन्याच चित्रांची री ओढली. कैसरिया इथे १९६१ मध्ये, येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचं, पिलाताचं, नाव कोरलेला दगड सापडला, त्यावर त्याचा हुद्दा प्रीफेक्ट आहे. ही माहितीही पटकथांपर्यंत फार उशिरा पोचली.

आता वेदमती येशूकडे.

इटलीचे पिएर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. ते मार्क्सवादी, नास्तिक. त्यांनी एक शिस्त पाळली: येशूच्या तोंडी मत्तयात नाही ते वाक्य घालायचं नाही. आदल्या वर्षी ते पॅलेस्टाइन पाहून आले, तिथला आधुनिकपणा पाहून निराश झाले आणि दक्षिण इटलीतल्या मातेरा गावाच्या खडकातल्या घरांमध्ये त्यांनी गलील-यहूदिया उभं केलं. येशू झाला एन्रिके इरासोकी हा स्पॅनिश विद्यार्थी, वय एकोणीस. म्हातारी मरिया झाली पासोलिनींची स्वतःची आई. बाकी बरेचसे गावकरी. भूगोल चुकीचा, चेहरे इटालियन, आणि तरी शब्दांना धरून राहण्यात या चित्रपटाच्या जवळपास कुणी जात नाही. हा येशू घाईत असतो, चालताचालता बोलतो, रागावतो. मत्तयाचा येशू तसाच आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाने इतका पोथीनिष्ठ चित्रपट करावा आणि पोप तेविसाव्या जॉनच्या स्मृतीला अर्पण करावा, याचं मोल या विषयात फार मोठं आहे.

दुसरा वेदमती म्हणवणारा म्हणजे १९७९ चा ‘जीझस’. हा लूकवर बेतलेला आणि इस्रायलमध्ये चित्रित झालेला. विजेचे खांब, पक्के रस्ते दिसू नयेत याची काळजी घेतलेली. गर्दीतले चेहरे यमनी ज्यूंचे, कारण त्यांची चेहरेपट्टी जुन्या काळाशी सगळ्यांत जवळची मानली गेली. येशू मात्र ब्रायन डीकन हा इंग्रज नट. सगळ्या चेहऱ्यांची इतकी पारख करून नायकाच्याच वेळी ती बाजूला पडावी, हे खटकतं. हा चित्रपट दोन हजारांहून अधिक भाषांत डब झाला, जगात सर्वांत जास्त भाषांत गेलेला चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे. त्यात मराठी आहे, छत्तीसगढीही आहे. शेवटी मात्र निवेदक प्रेक्षकाला प्रार्थनेचं आवाहन करतो. लूक असा संपत नाही. तो शिष्यांना मंदिरात देवाची स्तुती करताना सोडून थांबतो. शेवटचा तो भाग प्रचारकांच्या गरजेचा आहे.

भिलाई-दुर्ग पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि आंध्र, केरळ, ओडिशा, पंजाब, विदर्भ, सगळीकडून माणसं आली. त्यांनी आपापले देव आणि आपापल्या कथा बरोबर आणल्या. छत्तीसगढच्या खेड्यांत ख्रिस्ती वस्ती तर त्याआधीची. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ मध्ये बिश्रामपूरला सतनामी समाजात काम सुरू केलं होतं. या सगळ्यांच्या येशूला एक सामायिक चेहरा दिला तो तेलुगू सिनेमाने.

१९७८ चा ‘करुणामयुडु’. दिग्दर्शक ए. भीमसिंह, येशू विजयचंदर. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला, मग एकेका भारतीय भाषेत गेला आणि फिरत्या प्रोजेक्टरवरून खेड्यापाड्यांत रात्रीच्या वेळी दाखवला गेला. यात पौराणिक तेलुगूपटाचं सगळं आहे: गाणी, भरजरी दरबार, भावनांचा पूर. क्रूस घेऊन येशू चढणीला लागतो तेव्हा मागे गाणं चालू असतं आणि बघणारा बघता बघता त्या मिरवणुकीत सामील होतो. शुभवर्तमानं या वाटेबद्दल फार थोडं बोलतात. सिमोन कुरेनेकराला क्रूस वाहायला लावलं, लूकात काही बायका रडल्या, एवढंच. ‘करुणामयुडु’ तिथे पूर्ण कापालिक आहे आणि ते लपवत नाही. गायक जिथे भर द्यायचा तिथे देतो, रागी हुंकारतो, कथा पुढे जाते. क्रूस, खिळे, चेहरा, यांत तो चुकतो. भारतीय प्रेक्षक देवाची कथा कशी ऐकतो यात तो चुकत नाही. स्टीफन्स यांनी ओवी उचलली त्यामागे हीच जाण होती.

अडचण येते ती मेल गिब्सन यांच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’पाशी. संवाद अरामी, लॅटिन आणि हिब्रूत. जखमा अशा की प्रेक्षागृहात लोक तोंड फिरवत. हे असंच घडलं, असा त्याचा आविर्भाव. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग ॲना कॅथरीन एमरिख या जर्मन संन्यासिनीच्या दर्शनांवरून आला. ती १८२४ मध्ये वारली, तिची दर्शनं दुसऱ्याच माणसाने शब्दबद्ध केली. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडे अधिकारी आणि स्थानिक लोक यांच्यात ग्रीक चाले. गिब्सनच्या चित्रपटात येशू पिलाताला लॅटिनमध्ये उत्तर देतो. वेरोनिका इथेही आहे. बाहेरून कडक वेदमती आणि आतून पूर्ण कापालिक असा हा चित्रपट आहे. विश्वास ठेवणाऱ्या प्रेक्षकाला त्याने फसवलं, असंच म्हणावं लागतं.

छोट्या पडद्यावरही हा प्रकार वेगळ्या रूपात आला. २०२० च्या नाताळच्या सुमारास ‘एण्ड टीव्ही’वर ‘येशू’ ही हिंदी मालिका सुरू झाली. तिचे पहिले अनेक भाग बाल येशूचे होते. लूकात बालपणातला एकच प्रसंग आहे, बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात पंडितांशी बोलत बसतो आणि आईबाप त्याला शोधत फिरतात. तीन दिवसांनी सापडतो. बाकीची सगळी वर्षं कोरी. रोज अर्धा तास भरायचा तर ती कोरी पानं भरावीच लागतात; बाळकृष्णाच्या लीला पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला बाल येशूच्या लीलाही हव्या असतात. त्याआधी दिग्दर्शक झेफिरेल्लींनीही ‘जीझस ऑफ नॅझरेथ’मध्ये झेरा नावाचा एक शास्त्री उभा केला, पोथीत नसलेला, आणि यहूदाला फितवण्याचं काम त्याच्याकडे दिलं. त्यामुळे यहूदा थोडा हलका झाला, पण दोष एका नव्या ज्यू माणसाच्या डोक्यावर गेला.

आणि ही जागा सगळ्यात जोखमीची आहे. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जमाव आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर रक्ताचा दोष ओढून घेतो. त्या एका ओळीच्या आधाराने युरोपात शेकडो वर्षं ज्यूंच्या कत्तली झाल्या. दुःखसहन-नाटकांनी ती पुन्हा पुन्हा गर्दीसमोर उच्चारली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सगळ्या ज्यूंवर हा दोष लादता येणार नाही असं जाहीर केलं. ओबरअम्मरगाऊच्या नाटकातही १९९० पासून दिग्दर्शक क्रिस्तियन श्ट्युकल यांनी मोठे बदल केले. गिब्सननी टीकेनंतर त्या ओळीखालचं भाषांतर काढलं, अरामी वाक्य मात्र आवाजात राहू दिलं.

याच्या उलट पिलात. जवळपास प्रत्येक चित्रपटात तो दुविधेत सापडलेला, सभ्य, विचारी अधिकारी असतो. हात धुतो आणि आपल्याला त्याची दया येते. त्याच काळातल्या फिलो या ज्यू लेखकाने लिहिलेला पिलात लाचखाऊ आणि क्रूर आहे, खटल्याशिवाय माणसं मारणारा. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या नोंदींत तो मंदिराच्या पैशाने जलवाहिनी बांधतो आणि विरोध करणाऱ्यांवर सोटेधारी शिपाई सोडतो. पुढे शोमरोनी लोकांच्या कत्तलीवरून इसवी सन ३६ मध्ये त्याला परत बोलावलं गेलं. आणि यासाठी फिलो किंवा जोसेफसपर्यंतही जायला नको. लूकाच्या तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पिलाताने गलीलकरांचं रक्त त्यांच्या यज्ञांत मिसळल्याची बातमी येशूला मिळते.  रायपूरच्या छत्तीसगढी स्टुडिओत असो की मुंबईच्या मालिकांच्या कारखान्यात, पुढचा येशूपट जो कुणी करेल त्याने पोशाखांच्या आणि उंटांच्या आधी ही ओळ वाचावी, आणि पिलाताच्या भूमिकेसाठी नट निवडताना ती समोर ठेवावी.